रोमा या युरोपातल्या अल्पसंख्याक समाजाच्या मुलांच्या हक्कांचं रक्षण करण्यासाठी माध्यमांनी नेमकं काय करावं?

मुलाची ओळख लपवावी आणि पडताळणी होईपर्यंत नुसत्या संशयाची बातमी करू नये, कारण इथल्या चुकीची किंमत मूल मोजतं. ऑक्टोबर २०१३ मध्ये ग्रीसमधल्या फार्सालाच्या रोमा वस्तीत सोनेरी केसांची एक मुलगी दिसली आणि रोमा मूल असं गोरं असूच शकत नाही या समजातून ‘पळवून आणलेली’ म्हणून तिचा चेहरा जगभर झळकला. डीएनए चाचणीत तिचे जन्मदाते बल्गेरियातलं रोमा जोडपंच निघालं. तोवर आयर्लंडमध्ये पोलिसांनी दोन गोऱ्या रोमा मुलांना घरातून उचललंही होतं. त्यातल्या सात वर्षांच्या मुलीबद्दलचा संशय फेसबुकवरून एका टीव्ही पत्रकाराकडे आणि तिथून पोलिसांकडे गेला होता. ती दोन रात्री आईवडिलांपासून दूर राहिली. तिच्या बाबतीत वंशावरून संशय घेतला गेला, असं २०१४ च्या अधिकृत चौकशी अहवालात स्पष्ट म्हटलं आहे.

म्हणून बातमी देताना:
- चेहऱ्यासोबत वस्ती, शाळा, नातेवाइकांची नावंही गाळा. नुसता चेहरा धूसर करून भागत नाही.
- पालकांची बाजू त्यांच्या भाषेतल्या दुभाष्यामार्फत, छापण्याआधी घ्या.
- खुलासा मूळ बातमीइतक्याच ठळक जागी द्या आणि जुना फोटो संग्रहातूनही काढा.

मात्र ‘रोमा’ हा शब्द सरसकट गाळू नका. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावात रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळांत ढकललं जात होतं. २००७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तो भेदभाव ठरवला. तिथे वंश सांगितल्याशिवाय अन्यायच दिसत नाही.