कौन्सिलची फी पगारातून वजा होत नाही, प्रॅक्टिसमधून होते

प्रश्न: मी एमडी डॉक्टर आहे. नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात पगारी नोकरी करते. जून २०२५ पासून संध्याकाळी इंदिरानगरला भाड्याच्या गाळ्यात स्वतःची ओपीडीही चालवते. मार्चअखेर तिथून ३,६०,००० रुपये आले. याच वर्षात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे नूतनीकरण आणि संघटनेची वार्षिक वर्गणी मिळून १२,००० रुपये भरले. ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या मैत्रिणीला अशा फीवर करसवलत मिळते. माझे रिटर्न भरून देणारे म्हणतात, "८०जीमध्ये टाकून देऊ." दरवर्षी मी जुनी करपद्धत घेते. काय करू?

उत्तर: डॉक्टर, ८०जीमध्ये ही रक्कम अजिबात टाकू देऊ नका. ते कलम देणगीसाठी आहे आणि कौन्सिलची फी देणगी नव्हे. देणगीचा फॉर्म १०बीई कौन्सिल तुम्हाला देणार नाही, म्हणजे उद्या विचारणा झाली तर दाखवायला कागदच नसेल. शिवाय ८०जीमध्ये बहुतेक संस्थांच्या बाबतीत निम्मीच रक्कम वजा होते. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर सेस धरून वाचणार १,८७२ रुपये. चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर कलम २७०ए खाली बुडवलेल्या कराच्या दुप्पट, म्हणजे ३,७४४ रुपये दंड, आणि कर व व्याज वेगळे. रिटर्न दुसऱ्याने भरले तरी उत्तर तुम्हालाच द्यावे लागते.

मैत्रिणीचे म्हणणे खरे आहे. तिकडे मान्यताप्राप्त संस्थांची फी नोकरदारालाही पगारातून वजा करता येते. आपल्याकडे पगारातून काय वजा होईल ते कलम १६ मध्ये मोजून दिले आहे: प्रमाणित वजावट (जुन्या पद्धतीत ५०,०००, नव्या पद्धतीत ७५,०००), सरकारी नोकरांचा करमणूक भत्ता आणि व्यवसाय कर. महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये, आणि तोही फक्त जुन्या पद्धतीतच वजा होतो. नोंदणी फी या यादीत नाही. फी भरल्याशिवाय नोकरी करता येत नाही हे अगदी खरे, तरीही नाही. केवळ पगारावर असलेल्या नर्सभगिनींना नर्सिंग कौन्सिलच्या फीबाबत मला हेच उत्तर द्यावे लागते, आणि हा नियम मला अन्यायाचा वाटतो.

तुमची ओपीडी मात्र स्वतंत्र व्यवसाय आहे. व्यवसायासाठीच केलेला खर्च कलम ३७(१) खाली वजा होतो, जुन्या पद्धतीत आणि नव्या पद्धतीतही. नोंदणीशिवाय ओपीडी उघडताच येत नाही, म्हणून पूर्ण फी हा ओपीडीचा खर्च आहे असे माझे मत आहे. नोकरीलाही तीच नोंदणी लागते म्हणून अधिकारी काही भाग वगळायचे म्हणू शकतो, पण तुमची बाजू भक्कम आहे.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. गाळ्याचे भाडे दहा महिन्यांचे समजा ९०,०००, इन्डेम्निटी विम्याचा (रुग्णाने भरपाई मागितली तर संरक्षण देणाऱ्या विम्याचा) हप्ता १४,००० आणि फी १२,०००. खर्च झाला १,१६,०००. डॉक्टरांसारख्या व्यावसायिकांसाठी अंदाजाने नफा धरण्याची सोय असलेले कलम ४४एडीए घेतले तर जमेच्या निम्मे, १,८०,०००, खर्च म्हणून न विचारता धरले जातात. फी त्यातच आली, ती वर पुन्हा मागता येत नाही. तरीही तुमचा फायदा ४४एडीएमध्येच आहे. प्रत्यक्ष खर्च निम्म्याहून जास्त होईल त्या वर्षी हिशेबवह्या, रुग्णांची रोजची नोंद आणि ऑडिट असा मार्ग घ्या. ४४एडीए सोडले म्हणून पाच वर्षे परत येता येत नाही असे जे सांगतात, ते बंधन व्यापाऱ्यांच्या ४४एडीचे आहे, तुमच्यावर नाही.

खरा धोका मला दुसरीकडेच दिसतो. आजवर फक्त पगार होता, म्हणून आयटीआर-१ मध्ये खूण केली की जुनी पद्धत मिळायची. या वर्षी व्यवसायाचे उत्पन्न आले, तेव्हा आयटीआर-४ भरावे लागेल आणि जुनी पद्धत हवी असेल तर रिटर्नच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए ऑनलाइन भरावा लागेल. तो राहिला तर आपोआप नवी पद्धत लागते आणि ८०सी, घरभाडे भत्ता वगैरे सगळे जाते. १२,००० च्या फीपेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे. फॉर्म भरण्याआधी दोन्ही पद्धतींचा कर काढून बघा. हा फॉर्म भरून एकदा नव्या पद्धतीतून बाहेर पडल्यावर तिच्यात एकदाच परतता येते, आणि मग प्रॅक्टिस सुरू असेपर्यंत जुनी पद्धत पुन्हा मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला असला, तरी २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू आहे.

रिटर्नआधी २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तक्ता) उघडून रुग्णालयाने कर पगाराच्या कलम १९२ खाली कापला की व्यावसायिक फीच्या १९४जे खाली ते पाहा. १९४जे असेल, तर ज्याला तुम्ही पगार म्हणता ती व्यावसायिक फी म्हणून नोंदली गेली आहे आणि वरचे सगळे गणित बदलते. करारपत्र घेऊन सीएकडे जा.

फीच्या पावत्या स्वतःच्या नावावर आणि पैसे बँकेतून गेलेले असू द्या. हिशेबवह्यांचा मार्ग घ्याल तेव्हा एका दिवसात एकाला १०,००० रुपयांवर रोख दिलेला खर्च नामंजूर होतो. पावतीवर जीएसटी असेल तर तोही खर्चातच धरा, कारण वैद्यकीय सेवा करमुक्त असल्याने त्याचे क्रेडिट तुम्हाला मिळत नाही. आणि रुग्णालयाने फी परत दिली असेल, तर ती ओपीडीच्या खर्चात दाखवू नका.