११ महिन्यांच्या मुलीला घेऊन मुंबई-गोवा क्रूझला जावं का?

हो, जावं. ११ महिन्यांचं मूल क्रूझला नेणं हे दीड-दोन वर्षांच्या धावत्या मुलाला नेण्यापेक्षा पुष्कळ सोपं. मात्र पैसे भरण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि एवढं ठरवून घ्या की रात्री बाळ झोपल्यावर खोलीत कोण थांबणार.

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात मुंबईहून गोव्याला जहाजाने जायचं मनात आहे, सोबत सासू-सासरे आहेत, एवढ्याशा लेकराला बोट लागेल म्हणून सासूबाई घाबरल्यात, आणि साताऱ्यातल्या मैत्रिणी म्हणतात, त्यापेक्षा महाबळेश्वर बरं. मी सांगलीची. माझा मुलगा सव्वा वर्षाचा असताना आम्हीही असेच सासू-सासऱ्यांसह गेलो होतो. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सासूबाईंची भीती. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना बोट लागण्याचा त्रास सहसा होत नाही. तो जास्त करून २ ते १२ या वयात होतो. शरीर हलतंय हे आतल्या कानाला कळतं, पण खोलीच्या भिंती डोळ्यांना स्थिर दिसतात. हा मेळ बसला नाही की मळमळतं. म्हणूनच डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहिलं की बरं वाटतं. तेव्हा काळजी मुलीपेक्षा तुमची आणि सासूबाईंची करा. खंबाटकी किंवा पसरणी घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर घ्यावी. मुलगी अंगावर पीत असेल तर तुम्ही कोणतीही गोळी मनाने घेऊ नका. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगूनच घ्या. बाळाला तर मोठ्यांच्या गोळीचा तुकडासुद्धा नको. आल्याच्या वड्या जवळ ठेवा, पोट रिकामं ठेवू नका. डिसेंबर महिना तुम्ही चांगला निवडलाय. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो, थंडीत बराच शांत. खोली जहाजाच्या मध्यावरची आणि शक्यतो खालच्या मजल्यावरची मागा. सी-सॉवर टोकाला बसलेला जास्त वर-खाली होतो, मधला फारसा हलत नाही, तसंच जहाजाचंही असतं.

आता त्या रात्रीच्या प्रश्नाकडे येते, कारण सहल चांगली होणार की नाही हे त्यावर ठरतं. जहाजावरची खरी मजा संध्याकाळनंतर सुरू होते. नाटकं, गाणी, जादूचे प्रयोग, उशिरापर्यंत जेवणं. आणि बाळ आठ-साडेआठला झोपतं. मग खोलीत कोण राहतं? न बोलता, न ठरवता, आईच राहते. बाकीचे सगळे ‘तू ये गं नंतर’ म्हणून पुढे जातात आणि ते नंतर काही येत नाही. अंधारात कुशीवर पडून मोबाईलचा उजेड बाळाच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून हाताने झाकत बसलेल्या आया मी पाहिल्यात, आणि मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटतं. एवढा खर्च करून जर आईने घरातलीच रात्र दुसऱ्या पलंगावर काढायची असेल, तर ती सहल बाकीच्यांची झाली. म्हणून पाळ्या लावा. एक रात्र आजी-आजोबा, एक रात्र बाबा, आणि तुमच्या वाट्याला किमान एक मोकळी संध्याकाळ. त्या संध्याकाळी बाळ रडलं तरी तुम्हाला बोलावायचं नाही, हेही आधीच ठरवा. आमच्याकडे माझ्या सासूबाईंनी स्वतःहून सांगितलं की पहिला शो तुम्ही दोघं बघा. त्यांना गर्दी-गोंगाटापेक्षा नातवाशेजारी खिडकीत बसून समुद्र बघणं जास्त आवडलं. तुमच्या सासूबाईंना ‘बाळ तुमच्याजवळ राहील’ असं सांगून बघा, त्यांचा नकार निम्मा तिथेच विरघळेल.

याच कारणासाठी पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, खोलीत नको. आतली, बिनखिडकीची खोली सगळ्यांत स्वस्त असते आणि दुपारच्या झोपेला अंधार छान मिळतो, हे खरं. पण जो खोलीत थांबणार त्याला दिवस आहे की रात्र हेही कळत नाही. निदान खिडकीची घ्या, परवडली तर बाल्कनीची. बाळ झोपल्यावर दार लोटून बाल्कनीत बसता येतं. मात्र त्या बाल्कनीतल्या खुर्च्या आणि टेबल कठड्यापासून लांब, शक्य तर आत ओढून ठेवा, आणि दाराची वरची कडी कायम लावलेली असू द्या. ११ महिन्यांचं मूल धरून धरून उभं राहतं आणि चढायला शिकतंच. पूल डेकच्या, म्हणजे पोहण्याच्या तलावाच्या मजल्याच्या, लगेच खालची खोली नको, वर खुर्च्या ओढल्याचा आवाज पहाटेपासून येतो. शनिवार-रविवारी मुंबईहून निघणाऱ्या फेऱ्यांना मित्रमंडळींचे घोळके आणि रात्री जोरजोरात संगीत असतं. जमलं तर आठवड्याच्या मधली फेरी घ्या.

मुंबईहून जाणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली बांधलेलं आहे. सिंगापूरकडच्या नव्या मोठ्या जहाजांच्या व्हिडिओत बाळांचे पाण्याचे कोपरे आणि पाळणाघरं दिसतात, ती डोळ्यांसमोर ठेवून इथे जाऊ नका. रॉयल कॅरिबियन या परदेशी कंपनीच्या बऱ्याच जहाजांवर ६ ते ३६ महिन्यांच्या मुलांसाठी तासावर पैसे घेऊन सांभाळणारी नर्सरी असते. पण तिकडे जायचं तर पासपोर्ट, व्हिसा, पाच-सहा तासांचं विमान. पहिल्या खेपेला गोवाच बरा. कमीत कमी वयाची अट कंपनीगणिक वेगळी असते, बऱ्याच मोठ्या कंपन्या ६ महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत. तुमची मुलगी त्या अटीत बसते, तरी बुकिंग करताना तिची जन्मतारीख देऊन लेखी होकार घ्या. गोव्यासाठी पासपोर्ट लागत नाही. जन्मदाखला आणि निळं बाल आधार जवळ असू द्या. लक्षद्वीपची फेरी मात्र आत्ता घेऊ नका. तिथे प्रवेशाचा परवाना लागतो, आणि मोठं जहाज लांब थांबवून छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात. हलत्या होडीत बाळ कडेवर घेऊन उतरणं मला पटत नाही. गोव्यात जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागतं, ढकलगाडीसुद्धा खाली नेता येते.

तलावाबद्दल आत्ताच मनाची तयारी करा. डायपर घालणाऱ्या मुलांना बहुतेक जहाजांवर तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर असला तरीही नाही. तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा फिरवलेलं असतं, त्यात एका बाळाची शी झाली तर संसर्ग सगळ्यांना. नियम योग्यच आहे. पण निळं पाणी बघून मूल हट्ट करतं, म्हणून तिला त्या बाजूला फार फिरवू नका. पाण्यात खेळवायला हवेने फुगवायचा छोटा टब न्या. अंघोळीलाही तोच लागेल, कारण साध्या खोल्यांत फक्त शॉवर असतो, बादली-मग नसतो, आणि आपल्याकडच्या बाळांना डोक्यावरून येणाऱ्या शॉवरची धडकी भरते.

खाण्यापिण्याची सासूबाईंना वाटते तेवढी अडचण नाही. भात, वरण, दही, केळं, उकडलेला बटाटा, इडली असं बुफेत सापडतं. मऊ भात आणि बिनतिखटाचं मुगाचं वरण हवं असेल तर आदल्या रात्रीच तिथल्या प्रमुखाला सांगून ठेवा, ऐन जेवणाच्या गर्दीत सांगू नका. घरचं शिजवलेलं अन्न चढवू देत नाहीत. नाचणी सत्त्व, खिमटाचं पीठ, दुधाची पावडर बंद पाकिटात न्या आणि तेही आधी विचारून घ्या. विजेची किटली, पाणी तापवायची कांडी, इस्त्री यांना आगीच्या धोक्यामुळे बंदी असते, तपासणीत काढून घेतात. त्यामुळे चांगला थर्मास हवाच. खोली आवरणाऱ्याला सांगितलं की गरम पाणी मिळतं. डायपर, पुसायचे ओले रुमाल, बाळाचं तूप, सगळं लागतं त्यापेक्षा जास्त न्या, जहाजावरच्या दुकानाच्या भरवशावर राहू नका. आणि ते ओले रुमाल संडासात टाकू नका. जहाजावरचे संडास हवेच्या ओढीवर चालतात, एक रुमाल अडकला तरी शेजारच्या खोल्यांचंही बंद पडू शकतं.

आजारपण हा एकच मुद्दा असा आहे जिथे मी सासूबाईंच्या बाजूने आहे. आपण सांगली-साताऱ्याकडची माणसं, गल्लीगल्लीत दवाखाने. जहाजावर एकच छोटा दवाखाना असतो, त्यात सहसा बालरोगतज्ज्ञ नसतो, आणि बिल भरपूर येतं. निघण्याच्या आठवडाभर आधी मुलीला तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेऊन दाखवा. ९ महिने पूर्ण झाल्यावरची गोवर-रुबेलाची लस आणि त्याआधीचे रोटाव्हायरसचे डोस झालेत ना ते कार्डावर बघा. तापाचं औषध तिच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं हे कागदावर लिहून घ्या. ओआरएसची पाकिटं ठेवा. प्रवास विमा काढा आणि त्यात बाळाचं नाव आहे याची खात्री करा. जहाजांवर पसरणारा जुलाब-उलटीचा नोरोव्हायरस सॅनिटायझरने नीट मरत नाही. साबण आणि वाहतं पाणी हाच उपाय. बाळ कठडे, खुर्च्या, लिफ्टची बटणं सगळ्याला हात लावून तोच हात तोंडात घालतं, म्हणून दर थोड्या वेळाने तिचेही हात धुवा. निघायच्या आदल्या दिवशी ताप असेल तर सरळ घरी राहा, पैसे गेले तरी चालतील.

जहाज सुटण्याच्या सुमारास आणीबाणीची कवायत होते. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजतो, फार मोठ्याने. बाळाचे कान झाका. कवायत टाळू नका. २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा काँकॉर्डिया’ हे क्रूझ जहाज बुडालं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून ती सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावी लागते. आपल्या मुलीच्या मापाचं जीवरक्षक जाकीट कुठे आहे ते तिथेच विचारा. २४ तासांहून मोठ्या सफरीवरच्या आंतरराष्ट्रीय प्रवासी जहाजांना प्रत्येक तान्ह्या बाळासाठी वेगळं जाकीट ठेवणं बंधनकारक आहे. विचारायला संकोच करू नका. खोलीची दारं जड असतात आणि आपोआप जोरात बंद होतात. कुणीतरी एकाने नेहमी हात लावून दार धरायचं, नाहीतर बोटं सापडतात. न्हाणीघराला उंच उंबरा असतो, तोही रात्री लक्षात ठेवा.

किनारा सुटला की फोनची रेंज जाते आणि फोन जहाजावरचं महागडं नेटवर्क पकडू शकतो. सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाका, बडबडगीतं आधीच उतरवून घ्या.

महाबळेश्वर तुम्हाला घराजवळ आहे, ते कधीही होईल. शिवाय तिथे प्रत्येक पॉइंटला बाळाला गाडीत घाला, बाहेर काढा, टोपरं घाला, काढा. जहाजावर सामान एकदा लावलं की संपलं. दूध पाजायला, लंगोट बदलायला, झोपवायला आपली खोली पाच मिनिटांवर. तान्ह्या बाळासोबत मला यापेक्षा सोपा प्रवास दुसरा माहीत नाही.

राहिला साताऱ्याहून मुंबईचा टप्पा. सांगलीहून आम्हाला महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची पडते. रात्री झोपायचं, सकाळी सीएसएमटी, आणि तिथून जहाजाचा धक्का असलेलं बॅलार्ड पियर टॅक्सीने अगदी जवळ. साताऱ्यात ती अपरात्री येते, बाळाला झोपेतून उठवून फलाटावर उभं राहणं नको. तुम्ही आदल्या दिवशी सकाळी गाडीने निघा, मधे दोनदा थांबा, आणि रात्री फोर्ट भागात मुक्काम करा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ ताजंतवानं असताना जहाजावर चढाल. परतताना जहाज सकाळी लागतं. सामान, रांगा, टॅक्सी यात दुपार होतेच, त्यामुळे त्या दिवशी घरी पोचून लगेच दुसऱ्या सकाळी कामावर जायचं ठरवू नका, एक सुट्टी जास्तीची टाका. आणि ती सुट्टी बाबांनी टाकावी, म्हणजे धुण्याचा ढीग तुमच्या एकटीवर पडणार नाही.