आमच्या संघाचा कोच मोठ्या क्लबकडे जाणार अशी रोज चर्चा आहे. मनावर घ्यावी का? आणि तो गेलाच, तर संघाचं काय होतं?

घ्या मनावर. मी घेतली नव्हती, आणि त्यापायी भर भाऊबीजेला मँचेस्टर युनायटेडची जर्सी घालून जेवायला बसलो. फोटो मामेभावाकडे आहेत, मागू नका.

मी मुंबई सिटी या फुटबॉल क्लबवाला. आमचा कोच डेस बकिंगहॅमबद्दल अशीच कुजबुज सुरू झाली ती २०२३च्या नोव्हेंबरात. माणूस काय होता ते आधी सांगतो, नाहीतर आम्हाला एवढं का लागलं ते कळायचं नाही. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला आम्ही इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियाई क्लबांच्या स्पर्धेत, भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना, आणि विजयी गोल आपल्या राहुल भेकेचा, हेडरवर. पुढच्या मोसमात आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या देशाच्या लीगमध्ये, पहिले १८ सामने आम्ही हरलोच नाही, साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळते ती शील्ड घरी आणली. (सेमीफायनलला बेंगळुरूने पेनल्टींवर घालवलं. ते दुखणं वेगळं, आज नको.)

६ नोव्हेंबर २०२३. नेरुळला डी. वाय. पाटीलवर सामना, समोर सौदीचा अल हिलाल. त्यांचा नेमार येणार म्हणून लोकांनी तिकिटांवर उड्या टाकल्या होत्या, आणि तो गुडघा मोडून बसलेला. आम्ही ०-२ हरलो. तरी शेवटपर्यंत ओरडत होतो, कारण दोन आठवड्यांपूर्वी याच संघाने आम्हाला सहा गोल मारले होते. बाहेर पडताना गर्दीत माझ्या स्कार्फचं टोक फाटकाच्या बिजागरीत अडकून उसवलं. शेवटची लोकल चुकू नये म्हणून तसाच ओढून काढला. अजून तसाच आहे, एका बाजूने झिपऱ्या झालेला.

दुसऱ्या दिवशी एक बारकी बातमी आली, ब्रिस्टल सिटीने ऑक्सफर्ड युनायटेडचा मॅनेजर लियाम मॅनिंगला नेलं. मी वाचली आणि बोटाने वर सरकवली. इंग्लंडमधल्या दुसऱ्या पातळीच्या क्लबने तिसऱ्या पातळीवरचा मॅनेजर उचलला, यात अंधेरीच्या माणसाचा काय संबंध?

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तुम्ही नक्की तुमच्या कोचचं तोंड बघत बसला असाल. पत्रकारांना काय म्हणाला, हसला का, करारावर सही का करत नाही. सोडा ते. 'माझं लक्ष पुढच्या सामन्यावर आहे' हे जाणाराही म्हणतो आणि राहणाराही. बुकींचे भाव पडले म्हणून जी बातमी येते तीही सोडा, त्या बाजारात थोडे पैसे टाकले तरी भाव हलतो. बघायचं ते एवढंच की दुसरीकडे कुठली खुर्ची रिकामी झाली, आणि तिचं आपल्या माणसाशी जुनं काही नातं आहे का. बकिंगहॅम जन्माने ऑक्सफर्डचा. कोचिंगचे पहिले धडे त्याच क्लबच्या पोरांना दिलेले. ब्रिस्टलने २९ ऑक्टोबरला नायजेल पीअरसनला काढलं आणि १६ नोव्हेंबरला आमचा कोच गेला. अठरा दिवस. तिकडे कुणीतरी कुणाला काढतो आणि खड्डा आझाद नगर मेट्रोच्या शेजारी, आमच्या अंधेरीच्या मैदानात पडतो.

हे मला तेव्हा दिसलं नाही, दादाला दिसलं. दादा म्हणजे मामेभाऊ, युनायटेडचा भक्त, आयएसएल बघणाऱ्यांना तो 'हौशी मंडळी' म्हणतो. भाऊबीजेला मामांबरोबर आला आणि चकलीचा तुकडा मोडत म्हणाला, "तुझा साहेब चालला बघ." मी म्हटलं, भारताची शील्ड जिंकलेला, आशियात खेळणारा माणूस तिसऱ्या डिव्हिजनला कशाला जाईल? "अरे, इंग्लंडचा तिसऱ्या डिव्हिजनचा क्लबही तुमच्यापेक्षा मोठाच." झालं. मी पैज लावली. गेला तर पुढच्या भाऊबीजेला युनायटेडची जर्सी.

हा 'मोठा' शब्द माझ्या डोक्यात जातो. ऑक्सफर्डच्या कसम स्टेडियमला तीनच बाजूंना स्टँड आहेत, चौथी बाजू उघडी. हे मी दादाला तेव्हाच ऐकवलं. (आमचं अंधेरीचं मैदान त्याहूनही लहान आहे हे नाही ऐकवलं.) बकिंगहॅम मोठ्या क्लबकडे गेला नाही, तो घरी गेला. घरी जाणाऱ्या माणसाला गद्दार म्हणणाऱ्यांशी मी तेव्हाही भांडलो होतो, आजही भांडेन. वाईट वाटलं ते मोसम अर्ध्यात टाकल्याचं.

आणि मोठ्या क्लबांचं म्हणाल, तर दादाच्या युनायटेडनेच २०१३ मध्ये एव्हर्टनहून डेव्हिड मॉयेसला नेलं. अकरा वर्षं एका ठिकाणी उभा राहिलेला माणूस, हातात सहा वर्षांचा करार. पुढच्या एप्रिलात एव्हर्टनच्याच मैदानावर ०-२ हरले आणि दोन दिवसांत त्याला काढला. त्याच मोसमात रॉबेर्तो मार्टिनेझच्या हाताखाली एव्हर्टन पाचवा आला, युनायटेड सातवा. हे मी दादाला दर दिवाळीला सांगतो. तो बासुंदी वाढून घेतो.

संघाचं काय होतं विचारलंत. आमचं काही बिघडलं नाही. पेत्र क्रात्की नवा कोच म्हणून आला. २० डिसेंबरला मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात दोन्ही संघांना मिळून सात लाल कार्डं दाखवली गेली, तसल्या रणधुमाळीतही आम्ही २-१ जिंकलो. शील्ड शेवटच्या सामन्यात त्यांनीच हिसकावली. पण ४ मे २०२४ ला फायनलला, कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, त्यांच्याच माणसांसमोर, पहिला गोल खाऊन ३-१ ने कप आणला. बरोबर दोन आठवड्यांनी वेम्बलीवर बोल्टनला २-० हरवून बकिंगहॅमने ऑक्सफर्डला चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या पातळीवर, नेलं. मी तो सामना पाहिला आणि टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, तुमचं नक्की कोण खेळतंय?

इंग्लंडच्या ब्रायटनचंही तसंच. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांचा कोच ग्रॅहम पॉटर चेल्सीला गेला तेव्हा ते लीगमध्ये चौथे होते. त्याच्या जागी दे झेर्बी आला, मोसमाअखेर सहावे आले, पहिल्यांदाच युरोपात खेळायला पात्र झाले. पॉटरला चेल्सीने सात महिन्यांच्या आत घरी पाठवलं.

तर २०२४ची भाऊबीज. जर्सी दादाने स्वतः आणली, एक साईज लहान, मुद्दाम. आणि आठवडा कुठला? युनायटेडने मॅनेजर टेन हागला काढून लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबच्या रुबेन अमोरिमला आणण्याची घोषणा केली तो. करारात एक कोटी युरोंचं रिलीज क्लॉज होतं, म्हणजे तेवढे पैसे भरले की माणूस सोडायचा, ते वापरलं. लीगमध्ये एकही सामना न हरलेल्या संघाचा कोच मोसम अर्ध्यात उचलला. दादा खूश. मी घट्ट जर्सीत, ताटासमोर, लिस्बनमधल्या अनोळखी लोकांसाठी हळहळत. (त्या लोकांनी पुढे त्याच्याशिवायच लीग जिंकली, वर पोर्तुगालचा कपही.)

एक सांगायचं राहिलं, आणि ते खरं तर आधी सांगायला हवं होतं. आमच्या पाठीशी तेव्हा सिटी फुटबॉल ग्रुप होता, देशोदेशीचे क्लब बाळगणारी कंपनी. आधीचा कोच लोबेरा चीनमधल्या भावंड क्लबात गेला तर बकिंगहॅम मेलबर्न सिटीतून आला, तो गेला तर क्रात्कीही तिथूनच. तुमच्या क्लबकडे अशी तयार माणसं नसतील तर माझं ऐकून निवांत बसू नका. १९८६ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनहून कोच अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडला गेले. अ‍ॅबर्डीनने त्याआधी १९८५ ला जी लीग जिंकली, ती त्यांची आजवरची शेवटची. तुमचा क्लब कुठला ते लिहिलं नाहीत, लिहा, मग खुर्च्या मोजून सांगतो.

ऑक्सफर्डने डिसेंबर २०२४ मध्ये बकिंगहॅमला काढलं. दादाचा मेसेज पाच मिनिटांत आला, शेवटी जर्सी परत मागितलेली. मी कळवलं, तुमच्या युनायटेडचा मॅनेजर चार दिवाळ्या टिकला की देतो. फर्ग्युसननंतर एकही टिकलेला नाही.