न भरणारी जखम आणि झटपट टेस्ट

आईंच्या घोट्याजवळची जखम चार महिने भरत नाही, कल्चरच्या (जखमेतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायच्या टेस्टच्या) रिपोर्टला तीन दिवस लागतात, मग लगेच निकाल देणारी टेस्ट करून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं अशा जखमांची ड्रेसिंग करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इतक्या जुन्या जखमेत जंतू असतातच, बिऱ्हाड थाटून बसलेले. त्यामुळे टेस्टने ‘जंतू आहेत’ म्हटलं तर त्यात नवीन काही नाही. त्यांचा शरीराला त्रास होतोय का, ते जखमेकडे बघूनच ठरतं. कडेची लाली पसरतेय, हाताला गरम लागतंय, सूज, नव्याने सुरू झालेली ठणक, पू, बदललेला वास, नुसता बोळा लागला तरी रक्त येणारा लालबुंद मांसाचा भाग. मधुमेहाच्या पायासाठीही नियम असाच आहे: लाली, गरमपणा, सूज, दुखणं, पू यांपैकी किमान दोन लक्षणं असतील तर संसर्ग म्हणायचा, नसतील तर स्वॅब (जखमेवर फिरवलेला तपासणीचा बोळा) पाठवायचाच नाही.

झटपट टेस्टमध्ये मला सगळ्यात उपयोगी वाटला तो कॅमेरा. खोलीत अंधार करून ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश जखमेवर टाकायचा. बरेचसे जंतू पॉर्फिरिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते या प्रकाशात लाल चमकतं. स्यूडोमोनास नावाचा जंतू निळसर-हिरवा दिसतो. एकदा वरून स्वच्छ दिसणाऱ्या जखमेच्या कडेला, जाड कातडीखाली, लाल पट्टा दिसला. कडा खरवडली, पुन्हा पाहिलं, पट्टा बराच कमी झाला होता. कुठे साफ करायचं हे कळणं, एवढाच त्याचा खरा फायदा. स्ट्रेप्टोकोकस हा जंतू मात्र असा लाल चमकत नाही, म्हणून ‘लाल दिसलं नाही’ म्हणजे ‘सुटलो’ असं नाही.

दुसरी झटपट टेस्ट पीसीआर, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणारी. ती काही तासांत जंतूचं नाव सांगते, एमआरएसएचं (नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूचं) मेक-ए जनुकही शोधते. पण मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा ती मोजते. लांबलचक यादी हातात येते आणि प्रत्येक नावाला एक अँटिबायोटिक द्यायचा मोह होतो. शिवाय कुठलं औषध लागू पडेल हे नीट कळायला अजून कल्चरच लागतं.

आणि कल्चर करायचंच तर स्वॅब नीट घ्यायला सांगा. ड्रेसिंग काढल्या काढल्या वरचा पू टिपून पाठवला, तर त्या पुवातलेच जंतू उगवणार. आधी सलाईनने धुवायचं, पिवळा थर बाजूला करायचा, मग जखमेतल्या निरोगी दिसणाऱ्या भागावर साधारण एक चौरस सेंटिमीटरमध्ये पाच सेकंद दाबून फिरवायचा, आतला द्रव वर येईल इतका. खरवडून काढलेला तुकडा मिळाला तर त्याहून बरं. हे सगळं अँटिबायोटिक सुरू करण्याआधी.

ताप, थंडी, भराभर पसरणारी लाली किंवा आई एकदम गळून गेल्या, असं काही असेल तर कुठल्याही टेस्टची वाट न बघता त्यांना आजच दवाखान्यात न्या.

तसं काही नसेल तर मला वेगळीच शंका येते. घोट्याजवळच्या जखमा पुष्कळदा शिरांच्या बिघाडामुळे अडून राहतात, आणि मग दोष उगाच जंतूंच्या माथी जातो. पायाचा डॉपलर (रक्तप्रवाह बघायची तपासणी) झालाय का? धमन्यांचा प्रवाह ठीक असेल तर दाबाचं बँडेज सुरू केलंय का? ते कळवा, मग टेस्टचं बोलू.