अनायसोट्रॉपिक विवर्तनाचा डेटा कुठे कापावा? दोन स्फटिकांचा डेटा मर्ज करावा का?

आपल्या प्रथिनाचा स्फटिक एका दिशेने २.२ आंगस्ट्रॉमपर्यंत आणि दुसऱ्या दिशेने जेमतेम ३.१ पर्यंत विवर्तन देतो (आकडा लहान तितका तपशील बारीक), म्हणजे विवर्तन अनायसोट्रॉपिक, दिशेनुसार कमी-जास्त आहे, असे आपण लिहिले आहे. सगळा डेटा ३.१ वर गोलाकार, म्हणजे सर्व दिशांना एकच मर्यादा लावून, कापू नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोल्हापुरात पीएच.डी. करताना अगदी असाच डेटा माझ्या वाट्याला आला होता. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर घेतलेल्या फ्रेम पाहिल्या, की काही फ्रेमवर ठिपके डिटेक्टरच्या कडेपर्यंत पोहोचलेले दिसत आणि स्फटिक नव्वद अंश फिरला, की तेच ठिपके निम्म्या वाटेत विरून जात. शेवटच्या शेलमध्ये (सर्वांत बारीक तपशिलाच्या थरात) आय बाय सिग्मा (तीव्रता भागिले तिची अनिश्चितता) २ च्या खाली आणि आर-मर्ज (एकाच ठिपक्याच्या अनेक मोजण्यांमधली तफावत) १०० टक्क्यांच्या वर गेलेला पाहून मार्गदर्शक सरांनी मला ३.१ वर कापायला लावले. त्यातून निघालेल्या इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात हेलिक्स म्हणजे नुसती नळी होती. पुढे राजारामपुरीतल्या खोलीवर बसून मी तोच डेटा एक्सडीएस या प्रोग्रॅमने कडेपर्यंत इंटिग्रेट केला (ठिपक्यांच्या तीव्रता मोजल्या) आणि न कापता, मर्ज न करता (एकाच ठिपक्याच्या अनेक मोजण्या एकत्र न करता) स्टारअनायसोला दिला. हा प्रोग्रॅम आय बाय सिग्माची स्थानिक सरासरी पाहून (नेहमीची मर्यादा १.२) प्रत्येक दिशेची सीमा स्वतंत्र ठरवतो. नव्या नकाशात कार्बोनिल ऑक्सिजनचे उंचवटे उठून दिसले आणि मी एक पेप्टाइड उलटा बसवला होता, हेही कळले. तरीही सरांचे बोट तक्त्यातल्या आर-मर्जवरच राहिले.

एकच परावर्तन (म्हणजे एक ठिपका) जितक्या जास्त वेळा मोजावे तितकी त्याची सरासरी सुधारते, आर-मर्ज मात्र वाढतच जातो. डीडरिक्स आणि कार्प्लस या स्फटिकशास्त्रज्ञांनी हे १९९७ मध्येच दाखवले आणि २०१२ मध्ये सीसी-हाफ (मोजण्यांचे दोन यादृच्छिक भाग करून त्यांतला सहसंबंध) हा निकष पुढे आणला. शिवाय गोल शेलच्या सरासरीत चांगली दिशा आणि वाईट दिशा एकत्र कालवली जाते, त्यामुळे तो आकडा दोन्हींबद्दल चुकीचेच सांगतो.

मर्जबद्दल सांगायचे तर, दोन्ही स्फटिकांचे सेल (स्फटिकातल्या पुनरावृत्त होणाऱ्या एककाची मापे) जुळत असतील आणि परस्परांतला सहसंबंध चांगला असेल तरच ते एकत्र स्केल करावेत (एकाच मापावर आणावेत), कापणे त्यानंतर.

मात्र असे कापल्यावर बाहेरच्या शेलची गोलाकार पूर्णता (संपूर्ण गोलातल्या अपेक्षित परावर्तनांपैकी मिळालेल्यांचा वाटा) बरीच घसरते, म्हणून तक्त्यात गोलाकार आणि लंबगोलाकार अशा दोन्ही पूर्णता द्याव्यात आणि नुसते “२.२ आंगस्ट्रॉम” असे मिरवू नये. रिफाइनमेंटचे काही प्रोग्रॅम गाळलेल्या परावर्तनांच्या जागी मॉडेलवरून काढलेली मूल्ये भरतात, तेव्हा ती न भरता काढलेला नकाशाही पाहावा. मी तसा तो काढला होता, आणि त्यातही तो पेप्टाइड उलटाच निघाला.