उडवू का म्हणाले तर नको म्हणायचं

डिसेंबर लागला की या पानाकडे येणाऱ्या पत्रांत निम्मी तरी पत्रं थंडीतल्या पक्ष्यांची असतात आणि त्यातली बरीचशी फिरून फिरून नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला येऊन थांबतात. या वेळी सगळी तीच घेतलीयेत. मी नाशिकची, त्या पाण्याशी माझं जुनं नातं आहे, त्यामुळे एखाद्या उत्तरात जरा जास्त बोलले तर सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, मी पुण्याचा. हप्त्यावर लांबचं जवळ दाखवणारी नवीन १५०-६०० मिमी लेन्स घेतलीय. मागच्या रविवारी मित्रांबरोबर नांदूर मध्यमेश्वरला गेलो, पहाटे निघायचं ठरलं होतं पण पोचेपर्यंत साडेदहा वाजले. बदकं भरपूर होती, लांब होती पण ६०० ला बरी दिसत होती. सातशे फोटो काढले आणि घरी येऊन बघतो तर एकही शार्प नाही. दुकानदार म्हणतो लेन्स ठीक आहे, मित्र म्हणतो पीस खराब आहे, बदलून घे. काय करू?

उत्तर: दादा, बदलायच्या आधी एक छोटी परीक्षा घ्या. सकाळी सातला घराजवळच्या मैदानात जा, बारापंधरा मीटरवर एखादी पाटी किंवा झाडाचं खोड बघा, लेन्स कशावर तरी टेकवून दहा फोटो काढा, आणि मग त्याच लेन्सने दीडशे मीटरवरची एखादी वस्तू दुपारी अकराला काढा. जवळचे दहाही धारदार आले आणि लांबचे सगळे मऊ आले तर लेन्स चांगली आहे, मधली हवा वाईट होती. अजून एक खूण सांगते. तुमच्या त्या सातशे फोटोंतला एकच बर्स्ट (बटण दाबून धरून झरझर काढलेली फोटोंची रांग) उघडा आणि एकाच बदकाचे लागोपाठचे फोटो पुढेमागे करून बघा. फोकस चुकला असेल तर सगळ्यात सारखाच चुकलेला दिसेल, पण हवेचा दोष असेल तर बदकाची कड प्रत्येक फोटोत वेगळी वाकलेली दिसेल, पाण्यात पडलेल्या सावलीसारखी हलल्यागत.

उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांबून पाणी डुचमळल्यासारखं दिसतं ना, हे तेच. निफाड तालुक्यातल्या थंडीत ते कुठून आलं असं वाटेल, पण थंडीतच ते जास्त फसवतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात रोज छापून येतो, पाचच्या खाली गेला की सगळा जिल्हा त्याच विषयावर बोलतो. अशी रात्र उलटल्यावर ऊन चढायला लागलं की काठावरचा चिखल आणि दगड आधी तापतात, वरची हवा अजून गारच असते, मग गरम हवेचे पट्टे गार हवेतून वर चढत राहतात आणि प्रकाश त्यातून वाकडातिकडा होऊन तुमच्यापर्यंत येतो. ६०० ची लेन्स पक्षी मोठा करते तशीच ही थरथरही मोठी करते, त्यामुळे अजून मोठी लेन्स घेऊन काही होत नाही. उपाय दोनच, लवकर जाणं आणि जवळ असणं. जवळ जाणं म्हटलं नाही मी, जवळ असणं म्हटलं, आणि त्यात किती फरक आहे ते सांगते.

गेल्या जानेवारीतला एक मंगळवार. पहाटे पाचला नाशिकहून निघाले, चाळीसेक किलोमीटरचं अंतर. निफाडच्या अलीकडे द्राक्षबागांत ठिकठिकाणी शेकोट्या पेटलेल्या, थंडीने घड जाऊ नयेत म्हणून लोक रात्रभर जागतात आणि तो धूर रस्त्यावर गुडघाभर पसरून राहतो. साडेसहाच्या आत पाण्याशी होते. पोचल्या पोचल्या कॅमेरा काढायचा नसतो हे लक्षात ठेवा. गाडीतली कोमट लेन्स गार हवेत आणली की हूडच्या, म्हणजे लेन्सच्या तोंडावरच्या नळकांड्याच्या, आतच गरम हवा घोळत राहते आणि फोटो मऊ येतात, वीसेक मिनिटं ती बाहेर निवू द्यायची. परत जाताना उलटं, बॅग बंद करूनच गाडीत ठेवायची, नाहीतर उबेत काचेवर दव धरतं. गाडीतूनच काढणार असाल तर इंजिन बंद, हीटर बंद, आणि बॉनेटवरून कधीच काढू नका, तिथे तर चूलच पेटलेली असते.

मग बसले. खाली, ओल्या गवतावर प्लास्टिकची गोणी टाकून, एका झुडपाच्या आड, आणि लेन्स बीनबॅगवर (जुन्या जीन्सच्या पायात तांदूळ भरून शिवलेली पिशवी, दहा वर्षं झाली तिला). पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आपला डोळा आला की फोटो बदलतो, आणि दुसरं म्हणजे बसलेल्या माणसाची भीती पक्ष्याला कमी वाटते. पहिला अर्धा तास काहीच जवळ आलं नाही. पाणी हवेपेक्षा कोमट असतं ना त्या वेळी, त्याच्या वाफा निघत होत्या, त्यातून नुसते आवाज. मग एक जांभळी पाणकोंबडी बारा मीटरवर आली असेल, लव्हाळ्याचा कोंब उपटला, तो एका पायाच्या लांब बोटांत धरला, आपण ऊस धरतो तसा, आणि उभ्या उभ्या सोलून खाल्ला. तिला मी दिसत होते, तिने बघितलंही माझ्याकडे. पण मी तिच्या आधीपासून तिथे होते त्यामुळे मी तिच्या हिशोबात बसून गेले होते. जवळ असणं म्हणजे हे.

नंतर थापट्या बदकं आली, पाचसहा. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद आणि तिच्या कडेला आतून बारीक कंगव्यासारखे दात असतात, पाणी आत घ्यायचं, कडेने गाळून सोडायचं, अडकलेलं खायचं. एकट्याने खाताना तो सरळ पोहत जातो पण घोळक्यात असले की गोल गोल फिरतात, पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेलं मागच्याला मिळतं. ऊन तिरकं होतं, नराच्या डोक्यावरचा तो हिरवा रंग त्या उन्हातच पेटतो आणि एरवी काळाच दिसतो. १/८०० चा स्पीड, एफ ८, आयएसओ जाईल तिथे जाऊ दिला.

दहा वाजले तसं समोरच्या काठाची कड हलायला लागली. मी कॅमेरा बॅगेत ठेवला आणि दुर्बीण काढली, ते थेट दुपारी साडेचारपर्यंत. दिवसभरात ठेवण्यासारखे अकरा फोटो. तुमचे सातशे तुम्ही जिथून सुरू केले तिथे माझे संपले होते, एवढाच काय तो फरक आहे, तुमच्या लेन्सला नावं ठेवू नका.

प्रश्न: आमच्या फोटोग्राफी ग्रुपबरोबर गेलो होतो. चक्रवाकांचा मोठा थवा काठावर बसला होता. ग्रुपमधले एक अनुभवी काका म्हणाले, नुसते बसलेत, उडवू का, फ्लाइट शॉट मिळेल. त्यांनी टाळ्या वाजवत धावत जाऊन उडवले, सगळ्यांनी फोटो काढले, मीपण काढले. फोटो भारी आलेत पण मला तेव्हापासून बरं वाटत नाहीये. मी चुकले का? आणि पुढच्या वेळी मोठ्या माणसाला कसं सांगायचं?

उत्तर: तुला बरं वाटत नाहीये हे मला फार बरं वाटलं. एकेरी बोलतेय, पत्रात तू कॉलेजात आहेस असं लिहिलंयस म्हणून.

‘नुसते बसलेत’ इथेच चूक आहे. पुष्कळ बदकं रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर नाहीतर काठावर झोप काढतात, एक पाय आणि चोच पिसांत घालून. आपल्याला दिसतं तो त्यांचा आराम असतो, रिकामपण नाही. चक्रवाक येतात लडाख, तिबेट, मध्य आशियाकडून. पट्टकादंब हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, तो तर हिमालय ओलांडून येतो, त्याच्या रक्ताला विरळ हवेतला प्राणवायूसुद्धा धरून ठेवता येतो म्हणून जमतं त्याला. हे सगळं करून ते इथे पोचतात ते चार महिने खाऊन अंगाला चरबी लावायला, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये तोच रस्ता उलटा उडायचाय. उडणं हे पक्ष्याच्या आयुष्यातलं सगळ्यात महागडं काम, बसण्यापेक्षा कितीतरी पट ताकद जाते. एका ग्रुपने एकदा उडवले तर तो थवा मरत नाही, खरंय. पण हिवाळ्यातल्या रविवारी त्या काठावर किती ग्रुप असतात ते तू बघितलंयस, आणि प्रत्येकाला एकदाच पाहिजे असतं.

आता फ्लाइट शॉटचं. तो न उडवता मिळतो आणि जास्त चांगला मिळतो. उडवलेला पक्षी तुझ्यापासून लांब पळतो, म्हणजे फोटोत शेपूट येते, तुझे फोटो परत नीट बघ, किती पक्ष्यांचा डोळा दिसतोय? आपणहून उडणारा पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उडतो आणि उतरतानाही वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतो. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी वारा बहुतेक पूर्वेकडचा असतो आणि सूर्यही तिकडेच. तू पूर्वेला पाठ करून बसलीस की वारा पाठीवर, ऊन पाठीवर, आणि पक्षी उठतो तो तुझ्याकडे तोंड करून, अंगावर ऊन घेऊन. १/२००० च्या वर स्पीड ठेव आणि थांब. हंस उठायच्या आधी माना झटकतात, एकाने सुरू केलं की घोळक्यात ते पसरत जातं, तेव्हा बोट बटणावर. आणि बदक अंघोळ करताना दिसलं तर त्याच्यावरून नजर काढूच नकोस, अंघोळ झाली की ते पाण्यावर उभं राहून दोनतीनदा पंख झाडतंच झाडतं, पाण्याचे थेंब उडतात, पूर्ण पंख उघडा मिळतो, आणि ते कुठे जातही नाही.

तरी थवा उडायचा तेव्हा उडतोच. मघाच्याच मंगळवारी नऊच्या सुमाराला दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आला, लव्हाळ्यावरून खालून खालून हिंडत. पाण्यावर दीडदोनशे वारकरी विखुरलेले होते, काळे, कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखे म्हणून त्यांना वारकरी म्हणतात, ते बघता बघता एकत्र सरकले आणि एवढे दाट झाले की मधलं पाणी दिसेना. एकटा सापडला तर उचलता येतो, घोळक्यातला निवडणं अवघड. भोवत्याने दोन फेऱ्या मारल्या, पाय खाली सोडले, मग गेला निघून. ते भय त्यांच्या रोजच्या जगण्यातलं आहे आणि त्याला त्यांच्याकडे उत्तर आहे. आपल्या टाळ्यांवर नाही.

काकांना कसं सांगायचं? ते ‘उडवू का’ विचारतात तेव्हाच ‘नको काका, थांबू या ना थोडं, आपणहून उठतील’ एवढंच म्हण. विचारणारा माणूस बहुतेक वेळा थांबतो, मी बघितलंय. नाहीच ऐकलं तर कॅमेरा खाली ठेव. आणि हे त्यांनाही माहीत असू दे की हे १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झालंय, इथे पक्ष्यांना हुसकावणं हा वन्यजीव कायद्याचाही विषय होतो. पण कायदा शेवटी काढ, आधी ती झोपलेली बदकं दाखव.

प्रश्न: पाच वर्षांपूर्वी जिथे फ्लेमिंगो अगदी जवळ मिळाले तिथेच यंदा दोनदा गेलो, काहीच नाही. पक्षी कमी झालेत का?

उत्तर: एका जागेवरून तसं म्हणता येत नाही. नांदूरचं पाणी हलतं असतं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला हा ब्रिटिश काळातला दगडी बंधारा, शंभराहून जास्त वर्षं त्याच्या मागे गाळ साचत आला, त्या गाळाची बेटं झाली, उथळ पाणी झालं आणि म्हणून तर पक्षी आले. पण याच बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा कालवे निघतात, वरच्या धरणांतून पाणी येतं, आवर्तन, म्हणजे कालव्याची पाण्याची पाळी, सुटलं की पातळी बदलते. फ्लेमिंगोला उभं राहून चोच उलटी घालता येईल एवढंच पाणी लागतं, हातभर वाढलं की तो दुसरीकडे जातो. म्हणून जायच्या आदल्या दिवशी चापडगावच्या गाईड पोरांपैकी कुणाला तरी फोन करून पाणी किती आहे ते विचारा, पक्षी कुठेयत ते नंतर विचारा. ही गावातली मुलं पाणी बघून पक्षी सांगतात. पानवेली कुठे चढल्यात तेही त्यांनाच माहीत असतं, आणि पानवेलींनी झाकलेल्या पाण्यात बदक उतरत नाही.

प्रश्न: वारकरी पक्ष्याचा फोटो एकतर काळा ठिक्कर येतो नाहीतर कपाळ जळून पांढरं फटक होतं. सेटिंग सांगा.

उत्तर: कपाळ वाचवा, अंग नंतर उजळता येतं. जळलेल्या पांढऱ्यात काही उरत नाही, अंधारात उरतं. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजवीकडे भिंतीला टेकू देऊ नका, एक्स्पोजर उणे दोनतृतीयांशपासून सुरू करा. चमच्या किंवा बगळ्यासारखा पांढरा पक्षी गडद पाण्यावर असेल तर उणे एकपर्यंत जा. मोर शराटीसारखा गडद पक्षी चकाकत्या पाण्यावर असेल तर उलट अधिक करा, कॅमेरा त्या चकाकीला घाबरून पक्षी काळा करतो.

प्रश्न: माझ्याकडे कॅमेरा नाही, फोन आहे. मुलगी आठ वर्षांची, तिला पक्षी दाखवायचेत. नेऊ का? काय दाखवू?

उत्तर: नक्की न्या, ताई. कानटोपी, दोन स्वेटर, आणि भडक लाल-पिवळं जॅकेट नको, खाकी-हिरवं काहीतरी. खाऊ डब्यात न्या, कुरकुरीत पाकिटं नकोत, त्यांचा आवाज लांब जातो आणि कचरा तिथेच राहतो. गाईडकडे स्टँडवरची मोठी दुर्बीण असते, तिच्या काचेला फोनचा कॅमेरा टेकवून फोटो निघतो. हात स्थिर ठेवून काचेचा मध्य शोधावा लागतो, दोनचार वेळा काळं दिसेल मग अचानक पक्षी दिसेल, मुलं हे आपल्यापेक्षा पटकन शिकतात.

पहिल्यांदा फ्लेमिंगो दाखवायला जाऊ नका, लांब असतात, गुलाबी रेघ दिसते आणि मुलं कंटाळतात. हळदीकुंकू बदक दाखवा. ते बाराही महिने इथेच असतं, जोडीने फिरतं, बऱ्यापैकी जवळ येतं. तिला आधी नाव सांगा आणि मग दुर्बिणीतून चोच बघायला लावा. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळं दिसलं की हळद सापडली. कुंकू तिचं तिला शोधू द्या, चोच जिथे कपाळाला मिळते तिथे दोन्ही बाजूंना एकेक लाल ठिपका असतो.