सुनेच्या माहेरून पणजोबांची विंचेस्टर रायफल आमच्याकडे आली आहे. पॉलिश करून भिंतीवर लावावी का?

भिंतीवर जरूर लावा, पण पॉलिश मुळीच करू नका.

माझं सासर वायोमिंगचं, गुरांचं रँच. बैठकीच्या दारावर सासऱ्यांच्या आजोबांची विंचेस्टर १८७३ असते (१८७३ हे मॉडेलचं नाव, ते पुढेही बरीच वर्षं बनत होतं). लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही वाटलं, एवढी कळकट का ठेवलीय, एकदा घासून काढू. सासऱ्यांनी ती माझ्या हातात दिली आणि नळीखालच्या लाकडावरून बोट फिरवायला लावलं. एका जागी लाकूड झिजून खोलगट झालंय. घोड्यावर बसलं की ती खोगिरावर आडवी धरायची, तिथली ती झीज. दस्ता तडकलाय, त्यावर ओलं कच्चं चामडं गुंडाळून वाळू दिलंय. वाळताना ते असं आवळतं की हाडासारखं घट्ट बसतं. धातूवरचं तपकिरी पुट काढलं तर किंमत उतरते, हे खरंच. पण पॉलिशवाला लाकूडही तासून सपाट करतो, आणि मग ती खोगिराची खूण कायमची गेली.

२०१४ मध्ये नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात जुनिपरच्या झाडाला टेकवलेली अशीच एक १८७३ सापडली होती. लाकूड करडं पडून चिरलेलं. तज्ज्ञांनी ती नवी केली नाही, सुटणारे तुकडे तेवढे पक्के केले.

तुमचीही १८७३ असेल तर नंबर बघा, लिव्हरच्या (घोड्याखालच्या, काडतूस भरायला हलवायच्या दांड्याच्या) मागे खालच्या पट्टीवर असतो. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या म्युझियममध्ये विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत. नंबर नोंदीत असेल तर बंदूक कधीची याचं पत्र ते पैसे घेऊन देतात. आमच्या घरी सगळे सांगायचे, आजोबांनी १८७० च्या दशकात टेक्सासहून गुरं हाकत आणली तेव्हाची ही बंदूक. पत्रात निघालं १८९१. सासरे बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी ते पत्र आजोबांच्या हिशोबाच्या वहीत ठेवलं, आणि आता नातवंडांना दोन्ही सांगतात.

या मॉडेलच्या ७ लाखांवर रायफली निघाल्या, तेव्हा लगेच मोठं घबाड समजू नका. रँचवाल्यांना ती आवडायची त्याचं एक कारण काडतूस. तिचं मूळ काडतूस ४४-४० नावाचं. १८७८ पासून कोल्ट कंपनीनं त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं, म्हणजे कमरेच्या एकाच पट्ट्यावर दोन्ही हत्यारं चालायची.

टांगण्याआधी मात्र गनस्मिथकडून (बंदुकीच्या कारागिराकडून) रिकामी करून घ्या. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात, वरून दिसत नाहीत. हौस म्हणून बार काढू नका. ती काळ्या दारूच्या जमान्यातली आहे, आजची जोरदार काडतुसं तिला झेपणार नाहीत. १८९८ पर्यंतची असेल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ती 'अँटीक' धरतात, राज्याचे नियम तेवढे वेगळे बघा.

आणि व्याह्यांना आजच फोन करा. दस्त्यावरचा कुठला ओरखडा कशाचा, हे त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून ठेवा. विंचेस्टरच्या वहीत ते सापडणार नाही.